दीड महिन्याच्या लसीनंतरचे दोन दिवस: ताप, पायाची सूज, रडणं. घरी नेमकं काय करायचं?

ऊन_सावली (धागाकर्ती)

पुढच्या आठवड्यात बाळाला दीड महिना पूर्ण होतो आणि पहिली मोठी लस आहे. महापालिकेच्या दवाखान्यातच टोचायची हे घरात ठरलं आहे. प्रश्न त्यानंतरचा आहे. कुणी म्हणतं न्यायच्या आधीच तापाचं औषध पाजा, कुणी म्हणतं मांडीवर बर्फ ठेवा, शेजारच्या काकू म्हणतात हळद-तेल गरम करून चोपडा आणि दोन दिवस आंघोळ बंद. "काही होत नाही, काळजी करू नका" असं मोघम उत्तर नको आहे. किती ताप आला की औषध द्यायचं, किती मिली, किती तासांनी, आणि कोणत्या लक्षणाला थेट दवाखाना गाठायचा, एवढं नेमकं हवं. ऐन मे महिना आहे, घरात कूलर आहे, एसी नाही. जाणकारांनी लिहावं.

तर्रीपोहे

आधी त्या दिवशी काय काय देणार हे विचारून घ्या. प्रत्येक लसीचा त्रास वेगळा आणि त्याची वेळही वेगळी. सगळं एकाच पोत्यात घातलं की गोंधळ होतो.

कन्हानकाठ

तर्रीपोहे बरोबर बोलले. लसीकरणाच्या सत्रावर लस देणं हेच माझं काम, म्हणून क्रमाने सांगते.

दीड महिन्याला सरकारी वेळापत्रकात पाच गोष्टी आहेत. तोंडाने दोन: पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरस (जुलाबाच्या विषाणूविरुद्धची). सुईने तीन: डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट (पाच रोगांची एकत्र लस, थोडक्यात पेंटा), उजव्या मांडीत पीसीव्ही (न्यूमोनियाची) आणि उजव्या दंडावर कातडीच्या थरात एफआयपीव्ही, म्हणजे पोलिओचं छोटं इंजेक्शन, फक्त ०.१ मिलीचं. कोणती मांडी कशाची हे डोक्यात ठेवा. डावी मांडी कडक आणि गरम झाली तर ती पेंटाची, आणि हीच जास्त त्रास देते. उजव्या दंडावर डास चावल्यासारखा फुगा दिसेल, तो अर्ध्या तासात बसतो. तो चोळायचा नाही.

आता वेळ. पेंटाचा ताप बहुधा त्याच दिवशी संध्याकाळी किंवा रात्री येतो आणि ४८ तासांच्या आत उतरतो. सूज आणि दुखणं पहिल्या दोन-तीन दिवसांत. तिसऱ्या दिवशी नव्याने ताप चढला तर "लसीचाच असेल" म्हणून घरी बसायचं नाही, कारण तो बहुतेक दुसऱ्याच कशाचा असतो.

टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. ही औपचारिकता नव्हे. गंभीर अ‍ॅलर्जी क्वचित होते, पण झालीच तर बहुधा पहिल्या काही मिनिटांत होते, आणि तिच्यावरचं अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन सत्रावर असतं, तुमच्या घरी नसतं. अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, श्वासाला घरघर, अंग एकदम थंड आणि पांढरं पडणं, यातलं काहीही दिसलं की हाक मारा. रांग बघत बसू नका.

त्या अर्ध्या तासात बाळाला अंगावर घ्या. थेंबांनंतर लगेच दूध पाजलेलं चालतं. सुई टोचताना बाळ छातीशी असेल तर रडणंही लवकर थांबतं, सिस्टरला तसं सांगायला संकोचू नका.

गोरेवाडा_रोड

आधीच औषध पाजण्यात काय वाईट आहे? ताप येणारच हे माहीत असताना लेकराले तापू द्यायचं काहून? कित्येक घरी असंच करतात, निघताना अर्धा ड्रॉपर.

अंबाझरी

गोरेवाडा_रोड, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

पहिलं कारण, ताप येणारच असं नाही. बऱ्याच बाळांना पेंटानंतरही ताप येत नाही, किंवा काखेत ९९ च्या आसपास राहतो. त्यांना औषधाची गरजच नसते. दुसरं कारण, २००९ साली चेक प्रजासत्ताकातला एक अभ्यास लॅन्सेटमध्ये छापून आला. लसीच्या वेळी ठरवून पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांना ताप कमी आला हे खरं, पण लसीतल्या बऱ्याच घटकांविरुद्धची प्रतिपिंडंही कमी तयार झाली. त्यांना संरक्षण मिळालंच नाही, असा त्याचा अर्थ नाही. पण गरज नसताना ती घट कशाला पत्करायची? म्हणून या लसींना आधी औषध नाही, ताप आला आणि बाळ त्रासलं तर मग द्यायचं. ताप आल्यावर औषध दिल्याने लस "वाया जाते" अशीही एक समजूत आहे, तीही मनातून काढा.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आधीच औषध दिलं की पहिले सहा तास तापाचा आलेखच कळत नाही. दीड महिन्याच्या बाळाच्या बाबतीत ताप ही आमच्यासाठी मोठी माहिती असते.

एरवी या वयात काखेत १००.४ आलं की घरी वाट बघायची नाही, सरळ दाखवायचं. लसीनंतरच्या दोन दिवसांत सवलत आहे, पण अटीवर: बाळ दूध नीट ओढतंय, जागं झाल्यावर नजर लावतंय, उचलल्यावर शांत होतंय आणि ताप १०२ च्या आत आहे. यातली एक अट मोडली की सवलत संपली. बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं जन्मलं असेल तर लस कॅलेंडरच्या वयानुसार वेळेवरच द्यायची, पण औषधाचा डोस आधी डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्यायचा.

चौकातलं_मेडिकल

डोसचं मी लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होऊन राहिल्या.

पॅरासिटामॉल वयावर नाही, वजनावर. दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये किमान चार तास, शक्यतो सहा, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. सत्रावर बाळाचं वजन करतात, तो आकडा कार्डावरून मोबाइलमध्ये उतरवून ठेवा.

आता बाटली. दुकानात एकाच नावाने तीन वेगवेगळ्या ताकदी मिळतात. ड्रॉप्स म्हणजे बहुधा १ मिलीत १०० मिग्रॅ. सिरप म्हणजे ५ मिलीत १२० किंवा १२५. जास्त ताकदीचं सिरप म्हणजे ५ मिलीत २५०. पाच किलोच्या बाळाला एका वेळी ५० ते ७५ मिग्रॅ हवं. ड्रॉप्समधून ते ०.५ ते ०.७५ मिली होतं, १२० च्या सिरपमधून साधारण २ ते ३ मिली, २५० वाल्यातून १ ते दीड मिली. आता बघा, कुणीतरी फोनवर "अडीच मिली दे" म्हटलं ते सिरपबद्दल, आणि घरात बाटली ड्रॉप्सची असली तर पोटात २५० मिग्रॅ गेलं. पाच किलोला ते तिपटीहून जास्त. पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृतावर येतं, आणि पहिल्या दिवशी वरून काहीच दिसत नाही. म्हणून फोनवर नुसतं मिली विचारू नका, बाटलीवरचा "प्रत्येक मिलीत किती" हा आकडा आधी वाचून दाखवा.

पाचशेची गोळी चतकोर करून दुधात उगाळणं बंद करा. चतकोर म्हणजे १२५ मिग्रॅ, आणि हाताने तोडलेला चतकोर कधी नेमका चतकोर नसतो.

घरचा चम्मच चालत नाही. बाटलीसोबतचा ड्रॉपर किंवा सुई काढलेली १ मिलीची सिरिंज घ्या. बाळाला थोडं उभं धरा, गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. घशात थेट पिचकारी मारली की ठसका लागतो. दिल्याची वेळ कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. रात्री आईने दिलं आणि पहाटे आजीने पुन्हा दिलं, हे फार घडतं.

वैनगंगा

मेफेनामिकचं सिरप जास्त लवकर ताप उतरवतं म्हणतात. ते चालेल का?

चौकातलं_मेडिकल

सहा महिन्यांखाली नाही. आयबुप्रोफेनही नाही. अ‍ॅस्पिरिन तर कोणत्याच लहान मुलाला तापात नाही. मेफेनामिक अ‍ॅसिडबद्दल तर इंडियन फार्माकोपिया कमिशनने २०२३ च्या नोव्हेंबरअखेर सावधगिरीचा इशाराही दिला होता, अंगावर चट्टे आणि आतल्या अवयवांपर्यंत जाणाऱ्या अ‍ॅलर्जीचा. निमेसुलाइड बारा वर्षांखाली २०११ पासून बंद आहे, तरी एखाद्या घरच्या डब्यात जुनी बाटली निघते. ती फेकून द्या.

आणि तापासोबत नाक वाहतंय म्हणून सर्दीचे थेंब जोडू नका. त्यांतल्या काहींत पॅरासिटामॉल आधीच असतं, डोस दुप्पट होतो. २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नका असं स्पष्ट सांगितलं. खोकल्याच्या विषारी सिरपने आजारी पडलेली छिंदवाड्याची लेकरं तेव्हा आपल्याच शहरात उपचाराला आणली होती, नागपूरकरांना वेगळं सांगायला नको.

पाटवडी

एवढे आकडे वाचून नव्या आईला धडकी भरेल बाप्पा. आमच्या पिढीने ओव्याचा शेक, तेल-हळद आणि मऊ फडक्याची घट्ट पट्टी यावरच लेकरं वाढवली. शेकल्याने गाठ विरते. त्यात नुकसान काय?

कन्हानकाठ

काकू, तुमचा हात बाळाला हवाच आहे, पण त्या मांडीवर नको. टोचलेल्या जागी शरीर आपणहून रक्त ओढून घेतं, म्हणूनच ती लाल आणि गरम होते. वरून गरम शेक दिला की सूज वाढते, आणि दीड महिन्याची कातडी इतकी पातळ की शेकाच्या पुरचुंडीने चटका बसायला वेळ लागत नाही. सुईचं छिद्र उघडं असतं. त्यावर तेल, हळद, चुना, बिब्बा लावलं तर बाहेरचे जंतू आत जातात आणि साध्या सुजेचं गळू होतं. घट्ट पट्टीने दाब येऊन दुखणं वाढतं. चोळायचं तर अजिबातच नाही.

त्याऐवजी स्वच्छ सुती फडकं माठातल्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि मांडीवर पाच ते दहा मिनिटं नुसतं ठेवा. दाबू नका. तासा-दोन तासांनी बाळ कुरकुरलं तर पुन्हा. बर्फ थेट कातडीवर नाही. माठाचं पाणी पुरेसं गार असतं.

लंगोट किंवा डायपरची इलॅस्टिक टोचलेल्या जागी येणार नाही असं बघा. उन्हाळा आहे, झबलं आणि सैल लंगोट पुरे. रोजची मालीश हवीच असेल तर दोन दिवस दोन्ही मांड्या सोडून पाठ, छाती, तळपाय. उचलताना मांडीखाली मूठ न घालता बुड आणि मान धरून उचला. निम्मं रडणं तर उचलण्याच्या पद्धतीनेच होतं.

पाटवडी

बरं. आंघोळीचं काय? आणि धुरी?

कन्हानकाठ

ताप नसेल, बाळ हुशार असेल तर कोमट पाण्याची पटकन आंघोळ चालते, मांडी घासायची नाही. ताप असेल तर अंग पुसून घ्या. धुरी नको, लसीच्या दिवशीही नको आणि एरवीही नको. ओवा-वावडिंगाचा धूर असला तरी धूर तो धूरच, बाळाची श्वासनळी फार अरुंद असते. घुटी, जायफळ, ग्राइप वॉटर काहीच नको. विशेषतः झोपेसाठी जायफळ उगाळून देऊच नका, लसीमुळे आलेली झोप आणि जायफळाची गुंगी यांतला फरक आम्हाला तपासूनही सांगता येत नाही.

फुटाळा_काठ

आजी मंडळींच्या बाजूने एक: बाळाला मांडीवर घेऊन तासन्‌तास शांत बसायचा धीर आजीकडेच असतो. लसीच्या दिवशी स्वयंपाक इतरांनी करावा, बाळ आजीकडे द्यावं. आजोबांना बाजारात पाठवावं, सुई बघून बाळाआधी तेच रडतात. :)

पाटवडी

हे पटलं. धीराचं काम आमच्याकडे द्या. हळद भाजीतच वापरते मग.

सोनेगाव_तलाव

ताप मोजायचा कसा हे कुणीच नीट लिहिलं नाही, आणि मे महिन्यात नागपुरात खरा घोटाळा तिथेच होतो.

कपाळाला हात लावून ताप ठरवू नका. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. पाऱ्याचा नको, फुटला तर पारा घरभर. काखेतला घाम कोरड्या कपड्याने टिपा, टोक काखेच्या खोल खळग्यात ठेवा, दंड अंगाशी धरा, बीप वाजेपर्यंत हलू देऊ नका. टोक कपड्याला लागलं की आकडा खोटा येतो.

दवाखान्यातून दुपारी बाराला गाडीवरून, दुपट्यात गुंडाळून आणलेलं बाळ घरी येताच मोजलं तर ९९.५-१०० सहज दिसेल. तो ताप नव्हे, ऊन आहे. दुपटं काढा, अर्धा तास सावलीच्या खोलीत ठेवा, दूध पाजा, मग मोजा. तेव्हाही १०० च्या वर असेल तर तो ताप. त्यासाठी सत्राला सकाळी लवकर जा. नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) अकरानंतर तान्ह्या बाळाला रस्त्यावर आणायचंच नाही.

कूलरचा झोत बाळाच्या अंगावर थेट नको, पाळणा बाजूला सरकवा. कूलर चालू असताना समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमट हवा कोंडते, घाम वाळत नाही आणि बाळ तापतच राहतं. कूलरचं पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, त्यात डास होतात. टोपी-मोजे काढा. ताप असलेल्या बाळाला गुंडाळून ठेवणं हे ताप वाढवायचं काम.

अंबाझरी

सोनेगाव_तलाव, फार उपयोगी लिहिलंत. एक जोड देतो. ओल्या फडक्याने अंग पुसणं हा मुख्य उपाय नव्हे. औषध दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने, बाळाला बरं वाटत असेल तर साध्या पाण्याने पुसा. बर्फाच्या पाण्याने बाळ थरथरतं आणि आतली उष्णता उलट वाढते. कोलन किंवा स्पिरिट अंगाला लावू नका, ते कातडीतून आत जातं.

आणि उन्हाळा आहे म्हणून वरचं पाणी सुरू करायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, नेहमीपेक्षा जास्त वेळा. पहिला दिवस बाळ झोपाळू राहील, चालतं, पण तीन तासांपेक्षा जास्त झोपू देऊ नका. तळपायाला गुदगुल्या करून, लंगोट बदलून उठवा आणि पाजा. शू मोजा. २४ तासांत सहा लंगोट ओले व्हायला हवेत. सहा तास लंगोट कोरडा राहिला तर ताप नसला तरी दाखवा.

मानेवाडा_चौक

खासगीत "पेनलेस" लस मिळते. त्यात ताप येत नाही तर मग सरकारी कशाला? दोन-तीन हजार खर्चून त्रास टळत असेल तर वाईट काय?

अंबाझरी

"पेनलेस" हे बोलीतलं नाव आहे, सुई तितकीच टोचते. फरक डांग्या खोकल्याच्या घटकात आहे. सरकारी पेंटात त्या जंतूची पूर्ण निष्क्रिय पेशी असते, खासगीतल्या महाग लसीत त्याचे काही निवडक तुकडे. पूर्ण पेशी म्हणजे शरीराला ओळखायला जास्त खुणा, म्हणून ताप-सूज जास्त. पण तिने मिळणारं संरक्षण जास्त काळ टिकतं असं दिसून आलं आहे. तुकड्यांच्या लसीने ताप कमी येतो, अजिबात येत नाही असं नाही. दोन्ही मान्य आहेत. एकदा पेंटानंतर मोठी प्रतिक्रिया आली असेल तर पुढच्या डोसला दुसरी सुचवतात. पण नुसत्या एका रात्रीच्या तापाला घाबरून खिसा रिकामा करायचं कारण नाही.

मानेवाडा_चौक

समजलं. मला वाटत होतं सरकारी लस हलक्या दर्जाची असते म्हणून ताप येतो.

कन्हानकाठ

हे अनेकांना वाटतं, म्हणून बाटली बघायला शिका, कुणी अडवत नाही. बाटलीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस गार साखळीत, म्हणजे सतत थंडाव्यात, नीट राहिली आहे. चौकोन गोलाइतका गडद किंवा जास्त गडद झाला तर ती वापरायची नसते. बीसीजी (क्षयरोगाची) आणि गोवर-रुबेलाच्या बाटलीवर उघडल्याची वेळ लिहिलेली असते, चार तासांनंतर ती फेकायची, कारण भुकटीत द्रावण मिसळल्यावर जंतू वाढू शकतात. सिरिंज एकदाच वापरता येते, दट्ट्या दुसऱ्यांदा मागे ओढलाच जात नाही. आणि निघण्याआधी चार गोष्टी आमच्याकडून ऐकून घ्या: कोणती लस दिली, काय होऊ शकतं आणि झालं तर काय करायचं, पुढची तारीख कधी, कार्ड पुढच्या वेळी सोबत आणा. सांगितलं नाही तर विचारा. तो तुमचा हक्क आहे.

शेवंता

विषयाला फाटा, पण याच वयाचा. जन्मल्यावर डाव्या दंडावर जी बीसीजी टोचली ती आता दीड महिन्याला पिकल्यासारखी झाली आहे. पेंटा टोचायच्या आधी हे बरं करून घ्यायचं का?

कन्हानकाठ

नाही, ते बरोबरच चाललं आहे. बीसीजी उशिरा बोलते. दोन ते चार आठवड्यांनी तिथे पुटकुळी येते, मग ती फुटते, थोडं पाणी-पू येतो, खपली धरते आणि बहुधा तिसऱ्या महिन्यापर्यंत व्रण राहतो. त्यावर मलम, पावडर, पट्टी काही नाही. फोडायची नाही. आंघोळीत पाणी लागलं तर टिपून घ्या, बस. त्याच बाजूच्या काखेत बोराएवढी किंवा मोठी गाठ हाताला लागली, किंवा गाठ मऊ पडून लाल झाली, तर मात्र दाखवा. पेंटा वेळेवरच घ्या.

वैनगंगा

आमच्या ओळखीत मांडीत वाटाण्याएवढी गाठ महिनाभर राहिली. ताप नाही, दुखणं नाही. कापावी लागते का?

अंबाझरी

नाही. पेंटामध्ये अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो, लस जागेवर थोडी धरून ठेवायला. त्याभोवती अशी कडक, न दुखणारी गाठ काही आठवडे राहते आणि आपोआप विरते. ती दाबायची नाही, शेकायची नाही.

गळू कसं ओळखायचं तेही सांगतो. पहिल्या संध्याकाळी लालीच्या कडेने बॉलपेनने हलकी रेघ मारा. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तेव्हा बोटांच्या मागच्या बाजूने गरम-कडक भाग चाचपून त्याच्या कडेने मारा. दुसऱ्या दिवशी सूज रेघेच्या आत असेल तर उतरते आहे. दोन दिवसांनी रेघ ओलांडून पसरली, मधोमध मऊ पडली, पू आला किंवा ताप परत चढला तर दाखवा.

थेट दवाखाना, रात्र असली तरी: सलग तीन तास किंकाळ्या मारत रडणं, कशानेच न थांबणारं. अंग एकदम लुळं आणि फिकट पडून हाकेला साद न देणं, हे बहुधा पहिल्या काही तासांत होतं आणि कधी कधी आपोआप सरतं, तरी बाळ तपासलंच पाहिजे. झटका (फिट). दूध सलग दोन वेळा न घेणं. श्वास फार जलद किंवा कण्हत घेणं. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानचं एम्स, तुमच्या घरापासून जे जवळ असेल तिथे. १०८ लावा. जाताना लसीचं कार्ड आणि औषधाची बाटली दोन्ही घ्या, डोस सांगताना आठवणीवर राहू नका.

गोरेवाडा_रोड

झटका आला तर कांदा हुंगवतात, दातांत चमचा घालतात. तेही चुकीचं का?

अंबाझरी

दोन्ही चूक. बाळाला सपाट जागी एका कुशीवर वळवा म्हणजे लाळ-ओकारी बाहेर वाहील, गळ्याभोवतीचं सैल करा, तोंडात काहीही घालू नका, बोटही नाही, औषधही नाही. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर उचलून निघा, आणि पहिला झटका असेल तर थांबला तरी निघा. शक्य असेल तर दुसऱ्याने मोबाइलवर चित्रण करावं, डॉक्टरांना त्याने फार कळतं.

तर्रीपोहे

रोटाचं राहिलं. थेंबांनंतर एखाद-दोन पातळ शी, थोडी ओकारी होऊ शकते, दूध चालू ठेवायचं. थेंब देताच सगळे ओकले तर तिथेच ताईंना सांगायचं, घरी येऊन नाही. लसीतला विषाणू शीतून बाहेर पडतो, म्हणून लंगोट बदलल्यावर साबणाने हात, विशेषतः घरात कुणी आजारी किंवा केमोवर असेल तर.

पुढच्या आठवडाभरात बाळ थांबून थांबून कळवळून रडतंय, पाय पोटाशी घेतंय, हिरवं ओकतंय आणि शीत लालसर चिकट रक्त आहे, असं असेल तर ते आतड्यात आतडं अडकल्याचं लक्षण असू शकतं. फार क्वचित होतं, पण त्यात घरी थांबायचं नाही.

शेवंता

पहिल्या डोसला ताप आला तर दुसरा थोडा पुढे ढकलावा का? आमच्याकडे घरचे तसं म्हणून राहिले.

कन्हानकाठ

नको. दोन डोसमध्ये किमान चार आठवडे हवेत, म्हणून अडीच महिने आणि साडेतीन महिने अशा तारखा. साधा ताप, सूज, रडणं ही पुढचा डोस टाळायची कारणं नव्हेत. साधी सर्दी, एक-दोन पातळ शी असली तरी लस देतात. गंभीर अ‍ॅलर्जी, झटका, बेशुद्धी असं काही झालं असेल तर पुढचा निर्णय डॉक्टर घेतील. उशीर झाला तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, जिथे थांबलात तिथून पुढे. आणि जे काही त्रासाचं झालं ते पुढच्या वेळी सांगाच. गंभीर घटना आम्हाला वरच्या कार्यालयात कळवाव्या लागतात, तुम्ही सांगितलं नाही तर नोंदच होत नाही. आशाताईंचा नंबर त्यासाठीच घेऊन ठेवा.

ऊन_सावली

मनापासून आभार सगळ्यांचे. मला समजलं ते लिहिते, चुकलं तर सांगा. आधी औषध नाही. सकाळी लवकर जायचं, अर्धा तास थांबायचं, वजन लिहून घ्यायचं. घरी आल्यावर अर्ध्या तासाने काखेत मोजायचं. १०० च्या वर आणि बाळ अस्वस्थ असेल तर ड्रॉप्स. वजन समजा ४ किलो ६०० ग्रॅम निघालं तर ४६ ते ६९ मिग्रॅ, म्हणजे १०० च्या ड्रॉप्समधून साधारण अर्धा मिली. बरोबर? आणि बाळ तापलेलं आहे पण हसतंय, पितंय, तर?

चौकातलं_मेडिकल

हिशोब अचूक आहे. ०.५ मिली म्हणजे ५० मिग्रॅ, तुमच्या मर्यादेत. बाटली घेताना "१ मिलीत १०० मिग्रॅ" हे स्वतः वाचा आणि कार्डाच्या कोपऱ्यात लिहा. दर डोसला सत्रावर नवं वजन होतं, तेव्हा आकडा बदला.

अंबाझरी

हसतंय, पितंय आणि १०१ च्या आत आहे तर औषध न देता नजर ठेवली तरी चालतं. ताप उतरवणं हा हेतू नाही, बाळाला बरं वाटणं हा आहे. झोपलेल्या बाळाला केवळ आकडा १००.२ आहे म्हणून उठवून औषध पाजू नका. पाजण्यासाठी उठवा, ते वेगळं.

वैनगंगा

पुढच्याही एका लसीचं विचारते. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी गावी लग्नाला जायचं आहे. तोपर्यंत सगळं उरकलेलं असेल ना?

अंबाझरी

नेमकं उलटं. गोवर-रुबेलात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. त्याला शरीरात वाढायला वेळ लागतो, म्हणून ताप पाचव्या ते बाराव्या दिवसादरम्यान येतो, सातव्या-दहाव्या दिवशी अंगावर बारीक पुरळ येऊ शकतं, एक-दोन दिवसांत जातं. हे पुरळ दुसऱ्यांना लागत नाही. "लस घेऊनही गोवर आला" असा गैरसमज यातूनच होतो. पीसीव्हीचा बूस्टर त्याच दिवशी असतो, त्याची मांडी मात्र पहिल्या दोन दिवसांतच दुखेल. म्हणजे एकाच भेटीतले त्रास दोन टप्प्यांत येतात. सोबत पाजतात ते जीवनसत्त्व अ, १ मिली, त्याने त्या दिवशी एखादी ओकारी झाली तर हरकत नाही.

लग्नाला जा. बाळ गर्दीत हातोहात फिरवू नका, थर्मामीटर, ड्रॉप्स आणि कार्ड पिशवीत ठेवा, आणि गावातला जवळचा दवाखाना कुठे आहे ते निघण्याआधी विचारून घ्या. पुरळासोबत ताप तीन दिवसांच्या वर गेला, किंवा बाळ सुस्त झालं, तर तिथेच दाखवा, नागपूरला परत येईपर्यंत थांबू नका.

चौकातलं_मेडिकल

आणि वैनगंगाताई, दीड महिन्याचा अर्धा मिली तेव्हा चालवू नका. नऊ महिन्यांचं बाळ ८ किलोचं असेल तर ८० ते १२० मिग्रॅ लागतं, म्हणजे त्याच ड्रॉप्समधून ०.८ ते १.२ मिली. बाटली उघडून बरेच महिने झाले असतील तर नवी घ्या, उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेली तर नकोच.